यशाचा हिशेब

यशाबद्दल लोकांना पडणारे प्रश्न मुख्यतः दोन. पाच-सहा वर्षे अभ्यासाला वाहून घेतलेल्या मुलाचे आईवडील विचारतात, 'एवढे कष्ट केले, मग यश का आले नाही?' घराचे हप्ते फेडून झालेली, मुलांना मार्गी लावलेली, निवृत्तीच्या उंबरठ्यावरची व्यक्ती विचारते, 'सगळे मिळाले, तरी काही मिळवले असे का वाटत नाही?' एकीकडे कष्ट आहेत पण फळ नाही. दुसरीकडे फळ आहे पण गोडी नाही. दोन्ही ठिकाणी अडचण एकच असते. यश मोजताना कोणती पट्टी लावली, कोणी लावली आणि केव्हा लावली, हे पाहायचे राहून गेलेले असते. या प्रकरणाचा विषय ती पट्टी आहे. यश मिळवण्याच्या युक्त्या सांगणारी पुस्तके बाजारात भरपूर आहेत. इथे त्या सापडणार नाहीत.

१. तीन वेगळे हिशेब

यशाविषयी बोलताना तीन गोष्टींची सरमिसळ होते. पहिली म्हणजे जागा: पद, हुद्दा, क्रमांक, प्रवेश, पुरस्कार. ही कोणीतरी द्यावी लागते आणि एकाला मिळाली की दुसऱ्याला मिळत नाही. दुसरी म्हणजे काम: शिकवलेले विद्यार्थी, बरे केलेले रुग्ण, पिकवलेले रान, चालवलेली संस्था. काम जागेवर बसूनही होते आणि जागा नसतानाही होते. तिसरी गोष्ट म्हणजे जगणे: दिवस कसे गेले, सोबत कोण होते, प्रकृतीने किती साथ दिली, मनाजोगते किती करता आले.

या तिन्ही गोष्टी हातात हात घालून चालतीलच असे नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतली एखादी शिक्षिका मुख्याध्यापक न होताच निवृत्त होते, पण तिच्या वर्गातून गेलेले प्रत्येक मूल अडखळल्याशिवाय वाचते. तिचा पहिला हिशेब साधा, दुसरा भक्कम. दर तीन वर्षांनी बदली होणारा एखादा अधिकारी बढतीच्या पायऱ्या चढत जातो आणि मुलांची वाढ दूरध्वनीवरून ऐकतो. त्याचा पहिला हिशेब उंच, तिसरा रिकामा. नातेवाइकांत मात्र अधिकाऱ्यालाच यशस्वी म्हणतात. त्याचे कारण सोपे आहे. जागा एका ओळीत सांगता येते. काम समजून घ्यायला वेळ लागतो आणि जगणे बाहेरून दिसतच नाही. म्हणून जो हिशेब चटकन दिसतो तोच उरलेल्या दोघांच्या जागी वापरला जातो. पुढचा बराचसा गोंधळ या एका अदलाबदलीतून सुरू होतो.

२. जागा मोजक्या, उमेदवार अनेक

आधी जागेचा हिशेब पाहू. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२२ च्या नागरी सेवा परीक्षेसाठी ११,३५,६९७ अर्ज आले. पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसले ५,७३,७३५. मुख्य परीक्षेला पात्र ठरले १३,०९०, मुलाखतीपर्यंत पोहोचले २,५२९ आणि अखेर शिफारस झाली ९३३ जणांची. परीक्षेला बसलेल्यांचाच विचार केला तरी निवड झालेल्या एकेका उमेदवारामागे सुमारे ६१५ जण होते.

आता समजा, पुढच्या वर्षी या सगळ्यांनी दुप्पट अभ्यास केला. किती जण निवडले जातील? जागा तेवढ्याच असतील तर निवडही तेवढ्यांचीच होईल. कट-ऑफ वर सरकेल, अभ्यासिकेचे दिवे जास्त वेळ जळतील, टेस्ट सिरीज महाग होतील. निवड वाढणार नाही. संगीत खुर्चीत सगळ्या मुलांनी महिनाभर पळण्याचा सराव केला म्हणून खुर्च्या वाढत नाहीत, तसेच हे आहे. शेवटी उभ्या राहिलेल्या मुलाला पळता येत नव्हते, असा निष्कर्ष तिथे कोणी काढत नाही. परीक्षेच्या बाबतीत तो सर्रास काढला जातो.

ज्यांची किंमत इतरांना त्या न मिळण्यावर अवलंबून असते अशा गोष्टींचा विचार ब्रिटिश अर्थतज्ज्ञ फ्रेड हर्श यांनी १९७६ च्या पुस्तकात केला होता. देश श्रीमंत झाला की धान्य, कापड, सायकली सगळ्यांना जास्त मिळू शकतात. पहिला क्रमांक, गावातला सर्वात मोठा वाडा, मोठ्या साहेबाची खुर्ची या गोष्टी मात्र वाढवता येत नाहीत. देशाचे उत्पन्न दुप्पट झाले तरी वर्गात पहिला एकच येतो. एखाद्या समाजाने यशाची व्याख्या अशाच गोष्टींनी केली, तर त्या समाजातले बहुसंख्य लोक अपयशी ठरणे हे आधीच ठरून गेलेले असते. त्यांच्या आळसाचा किंवा बुद्धीचा प्रश्न येतो तो त्यानंतर.

पुण्यात सदाशिव पेठ, नारायण पेठ भागात फिरले तर हे गणित रस्त्यावर दिसते. कॉट बेसिसवर घेतलेली खोली, महिन्याच्या बोलीने लावलेला डबा, अभ्यासिकेतले फळ्यांनी वेगळे केलेले टेबल आणि डोळ्यांसमोर चिकटवलेले वेळापत्रक. इथली भाषाही वेगळी आहे. 'पोस्ट निघाली' किंवा 'पोस्ट नाही निघाली' एवढ्या दोन-तीन शब्दांत वर्षांचा निकाल सांगितला जातो. खुल्या गटातल्या उमेदवाराला केंद्रीय परीक्षेचे सहा प्रयत्न मिळतात. त्यातल्या प्रत्येकाला 'अटेम्प्ट' म्हणतात आणि वय अटेम्प्टमध्ये मोजले जाते. या काळात मुलगा इतिहास, राज्यघटना, अर्थव्यवस्था बऱ्याच खोलवर शिकलेला असतो. जागेच्या हिशेबात या शिक्षणाला रकाना नाही.

३. नशिबाचा वाटा

'कष्ट करणाऱ्याला यश मिळते' हे वाक्य खोटे नाही, अपुरे आहे. समजा, १,००० उमेदवार आहेत आणि जागा १०. त्यांपैकी ९६० जणांची तयारी कच्ची किंवा मध्यम आहे आणि ४० जणांची उत्तम. कष्टांनी आणि बुद्धीने एवढेच ठरले की दहाही जण या चाळिसातून येणार. चाळिसातले दहा कोण, हे कशावर ठरेल? निबंधाचा विषय कोणाच्या आवडीचा निघाला, कोणाला त्या आठवड्यात ताप होता, कोणाचा पेपर सढळ हाताच्या परीक्षकाकडे गेला, यांवर. म्हणजे चाळिसात येण्यासाठी कष्ट लागतात आणि दहात येण्यासाठी कष्टांबरोबर योगायोगही लागतो. स्पर्धा जितकी तीव्र आणि वरच्या पायरीवरचे स्पर्धक जितके तुल्यबळ, तितका योगायोगाचा वाटा वाढतो. ऐकायला हे उलटे वाटते, पण सगळे सारखेच तयारीचे असले की निवाडा करायला फरक उरतो तो नशिबाचाच.

याचा एक सुंदर प्रयोग कोलंबिया विद्यापीठातील मॅथ्यू सॅल्गनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी अनोळखी बँडची ४८ गाणी इंटरनेटवर ठेवली. १४ हजारांहून अधिक लोकांनी ती ऐकली आणि आवडलेली उतरवून घेतली. काही जणांना फक्त गाण्यांची नावे दिसत. त्यांच्या पसंतीवरून गाण्यांचा दर्जा ठरवला गेला. बाकीच्यांचे आठ स्वतंत्र गट केले आणि प्रत्येक गटात 'आतापर्यंत हे गाणे किती जणांनी घेतले' हा आकडा दाखवला. सुरुवातीला सगळी गाणी शून्यावर होती.

सगळीकडे तीच गाणी, त्याच प्रकारचे श्रोते. तरी आठ गटांत आठ वेगवेगळी क्रमवारी तयार झाली. दर्जाने २६ वे ठरलेले एक गाणे एका गटात पहिले आले आणि दुसऱ्या गटात चाळिसावे. सुरुवातीच्या काही श्रोत्यांनी ते घेतले की आकडा वाढे, आकडा पाहून आणखी लोक घेत. उत्तम गाणी सहसा अगदी तळाला गेली नाहीत आणि वाईट गाणी सहसा डोक्यावर चढली नाहीत. मधल्या मोठ्या पट्ट्यात मात्र काहीही होऊ शकले. बहुतेक माणसे त्या मधल्या पट्ट्यात असतात, म्हणून हा प्रयोग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

४. व्यासपीठावर न आलेले

निकाल लागला की सत्कार होतात. क्लासच्या दारावर फोटोंचे फ्लेक्स लागतात, शाल-श्रीफळ दिले जाते आणि यशस्वी उमेदवार सांगतो, 'रोज बारा तास अभ्यास केला.' तो खरेच सांगत असतो. चूक ऐकणाऱ्याच्या अनुमानात होते.

पुन्हा तेच १,००० उमेदवार घेऊ. समजा, त्यांपैकी ६०० जण रोज बारा तास अभ्यास करत होते आणि ४०० जण त्याहून कमी. दहा जण निवडले गेले; त्यांतले नऊ बारा तासवाले, एक कमी तासांचा. व्यासपीठासमोर बसलेल्याला दिसते की दहापैकी नऊ जणांनी बारा तास अभ्यास केला होता, म्हणजे बारा तास अभ्यास केला की काम झाले. प्रत्यक्षात बारा तासवाल्या ६०० पैकी ९ निवडले गेले, म्हणजे शंभरात दीड. कमी तासवाल्या ४०० पैकी १, म्हणजे शंभरात पाव. जास्त अभ्यासाने शक्यता सहापट झाली, ही गोष्ट खरी आणि मोलाची. पण सहापट होऊनही ती शंभरात दीडच राहिली, ही गोष्टही तेवढीच खरी. उरलेले ५९१ जण बारा तास अभ्यास करूनच घरी गेले. त्यांचे भाषण कोणी ठेवत नाही, त्यामुळे हा आकडा कानावर पडत नाही.

उद्योजकांची चरित्रे, 'कॉलेज सोडले आणि अब्जाधीश झाला' अशा कथा, शेअर बाजारात पैसे दुप्पट करणाऱ्यांचे सल्ले, सगळीकडे हीच गाळणी लागलेली असते.

५. तुलना, सवय आणि पैसा

जागा मिळाल्यानंतरही समाधान मिळेलच असे नाही, याची दोन कारणे मानसशास्त्रज्ञांनी बारकाईने तपासली आहेत. पहिले कारण तुलना. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधील पदकविजेत्यांची चित्रफीत व्हिक्टोरिया मेडवेक, स्कॉट मेडी आणि टॉमस गिलोविच यांनी अभ्यासली आणि १९९५ मध्ये निष्कर्ष मांडले. खेळाडूंचे चेहरे पाहून ते किती आनंदी आहेत हे लोकांना सांगायचे होते. रौप्यपदक मिळालेल्यांपेक्षा कांस्यपदक मिळालेले जास्त आनंदी दिसत होते. रौप्यवाल्याच्या मनात हुकलेले सुवर्ण असते. कांस्यवाल्याच्या मनात चौथा क्रमांक, म्हणजे पदकाशिवाय परतणे. वरच्याची नजर वर लागलेली आणि खालच्याची खाली.

कांस्यपदकाची किंमतही तुलनेवरच ठरते. कराडजवळच्या गोळेश्वरचे कुस्तीगीर खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकीच्या खर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. गावकऱ्यांनी बैलगाड्यांची मिरवणूक काढली. पण त्याच स्पर्धेत भारतीय हॉकी संघाने सुवर्ण जिंकले होते आणि देशाच्या नजरेत कुस्तीचे कांस्य मागे पडले. स्वतंत्र भारताला दुसरे वैयक्तिक पदक मिळायला १९९६ साल उजाडले. लिअँडर पेसचे तेही कांस्यच होते. या ४४ वर्षांनी खाशाबांच्या पदकाचे वजन वाढवले. धातू तोच होता. स्वतः खाशाबा १९८४ मध्ये अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला.

दुसरे कारण सवय. १९७८ मध्ये फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी लॉटरी जिंकलेले २२ जण, अपघातात शरीराचा भाग लुळा पडलेले २९ जण आणि तुलनेसाठी २२ सामान्य लोक यांच्या मुलाखती घेतल्या. लॉटरीवाले सामान्य लोकांपेक्षा फारसे सुखी निघाले नाहीत; उलट नाश्ता, गप्पा, मासिक वाचणे अशा रोजच्या गोष्टींतला त्यांचा आनंद कमी झालेला होता. अपघातग्रस्त इतरांपेक्षा कमी सुखी होते, पण अपेक्षेइतके खचलेले नव्हते. माणूस सुखालाही सरावतो आणि दुःखालाही.

हा अभ्यास इतका गाजला की 'पैशाने काही होत नाही' असे त्यावरून सांगितले जाऊ लागले. तसे म्हणणे घाईचे आहे. स्वीडनमधील लॉटरी जिंकणाऱ्या पुष्कळ मोठ्या समूहाचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. मोठी रक्कम मिळालेल्यांचे आयुष्याबद्दलचे एकूण समाधान दशकाहून अधिक काळ वाढलेलेच राहिले. रोजच्या आनंदावर मात्र परिणाम कमी होता. अमेरिकेत डॅनियल कानेमन आणि अँगस डीटन यांनी २०१० मध्ये म्हटले होते की वर्षाला सुमारे ७५ हजार डॉलरनंतर रोजचा आनंद वाढत नाही. मॅथ्यू किलिंग्सवर्थ यांना २०२१ मध्ये उलट दिसले. मग कानेमन आणि किलिंग्सवर्थ यांनी बार्बरा मेलर्स यांच्यासह आकडे एकत्र तपासले. २०२३ मध्ये निघालेला निष्कर्ष असा: बहुतेकांचा आनंद उत्पन्नाबरोबर वाढतच जातो, जे मुळात फार दुःखी आहेत त्यांच्या बाबतीत मात्र एका मर्यादेनंतर पैसा काम करेनासा होतो. विरुद्ध मतांच्या संशोधकांनी एकत्र बसून आपला वाद मिटवण्याचे असे उदाहरण विरळा.

म्हणून पैशाला तुच्छ लेखणारी शिकवण जपून घ्यावी. हप्ता थकलेल्या घरात समाधान शिकवणे क्रूरपणाचे होते.

६. पट्टीच बिघडते तेव्हा

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये मांडलेला एक नियम आता शाळा, रुग्णालये, पोलीस खाते, सगळीकडे लावला जातो. एखादा आकडा मोजण्यासाठी असतो तोवर उपयोगी असतो. तोच गाठायचे लक्ष्य झाला की मोजण्याच्या कामाचा राहत नाही.

महाराष्ट्रातली दहावी घ्या. गुण हे विद्यार्थ्याला किती आले हे कळण्यासाठी असतात. सहापैकी चांगले पाच विषय धरण्याची सोय झाली, कला आणि क्रीडेचे वाढीव गुण मिळू लागले, शाळा आणि शिकवण्या पेपरच्या साच्याबरहुकूम तयारी करून घेऊ लागल्या. २०२४ च्या निकालात १८७ विद्यार्थ्यांना १०० टक्के गुण होते. त्यांतले १२३ एकट्या लातूर विभागातले. या मुलांनी कष्ट केले, यात शंका नाही. पण पट्टीच्या शेवटच्या रेघेवर एवढी गर्दी झाली की त्यांच्यात कोणाला काय येते हे पट्टी सांगू शकत नाही. ९५ टक्केवाल्या घरात सुतक पडते ते याच पट्टीमुळे.

पट्टीचा दुसरा दोष म्हणजे तिला काही गोष्टी दिसतच नाहीत. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ वापर सर्वेक्षणात घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात घालवत होत्या. असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. म्हणजे स्त्रियांची रोजची पाच तासांची पाळी. ती न पगारात मोजली जाते, न पदात. 'बायको काही करत नाही, घरीच असते' हे वाक्य या आंधळ्या पट्टीचे मराठी रूप आहे.

७. केव्हा मोजायचे? कर्व्यांचे घर

यश कधी मोजले यावर उत्तर किती बदलते, हे पाहण्यासाठी एकाच घरातली दोन माणसे पुरेशी आहेत.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८ चा. कोकणातल्या मुरूडचा हा मुलगा १८७५ च्या सुमारास सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी सोबत्यांबरोबर सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेला. तिथे परीक्षा समितीच्या अध्यक्षांना तो सतरा वर्षांचा वाटेना, म्हणून त्याला परीक्षेला बसू दिले नाही. एवढी पायपीट आणि पेपर हातातही आला नाही. मॅट्रिक व्हायला त्याला तेविसावे वर्ष उजाडले. पुढे तो गणित शिकला आणि १८९१ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयात प्राध्यापक झाला. जागेच्या हिशेबात गाडी आता रुळावर आली होती.

१८९३ मध्ये पहिल्या पत्नीच्या निधनानंतर त्यांनी विधवेशी, गोदूबाईंशी लग्न केले. मुरूडकरांनी वाळीत टाकले. त्या वर्षी गावात कोणी कर्व्यांना यशस्वी म्हटले असते तर लोक हसले असते. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, पुढे तो हिंगण्याच्या माळावर नेला. दिवसा महाविद्यालयात शिकवायचे आणि आश्रमापर्यंतची वाट पायी तुडवायची, हा त्यांचा क्रम होता. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू झाले. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या आईचे, नाथीबाईंचे नाव त्याला मिळाले. १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, कर्व्यांना भारतरत्न मिळाले. माणूस तोच, काम तेच. १८९३ ची पट्टी आणि १९५८ ची पट्टी वेगळी होती. सत्तरीतच त्यांचे निधन झाले असते तर हा किताब त्यांना बघायला मिळाला नसता. कामात मात्र काहीच उणे झाले नसते, कारण विद्यापीठ तोवर उभे होते.

त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथ, जन्म १८८२, तेही गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र निघाले तेही त्याच वर्षी. विल्सन महाविद्यालयाला हे रुचले नाही आणि १९२५ मध्ये रघुनाथरावांना प्राध्यापकी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक त्यांनी चालवले. त्यात लैंगिक आरोग्याबद्दलचे प्रश्न आणि त्यांना सरळ उत्तरे असत. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली. तरी शिक्षा झाली, दंड भरावा लागला. पैसा नाही, पद नाही, समाजात मान नाही, वडिलांसारखी मागे उभी राहणारी संस्थाही नाही. मासिक मात्र १९५३ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत निघत राहिले.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९५२ मध्ये, भारत सरकारने राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रम हाती घेतला होता. ज्या गोष्टीसाठी एका प्राध्यापकाची नोकरी गेली, ती आता सरकारी धोरण होती.

या गोष्टी सांगताना एक सावधगिरी हवी. 'चिकाटीने काम करा, जग एक दिवस दखल घेईल' असा अर्थ त्यांतून काढायचा मोह होतो. तसे केले तर चौथ्या विभागातली चूक पुन्हा होईल. आयुष्यभर चिकाटीने काम करून कायमची विस्मरणात गेलेली माणसे इतिहासाच्या व्यासपीठावर येत नाहीत, म्हणून ती मोजली जात नाहीत. कर्व्यांच्या घरावरून एवढेच सिद्ध होते की जागेचा आणि कामाचा हिशेब वर्षानुवर्षे उलट दिशांनी जाऊ शकतो.

८. ऐंशी वर्षांची नोंदवही

तिसरा हिशेब, जगण्याचा, मोजायला सर्वात अवघड. त्यासाठी माणसांच्या मागे आयुष्यभर राहावे लागते. हार्वर्ड विद्यापीठातला एक अभ्यास १९३८ मध्ये सुरू झाला आणि ऐंशीहून अधिक वर्षे चालू राहिला. त्यात हार्वर्डचे २६८ विद्यार्थी होते; त्यांतलेच एक जॉन केनेडी पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले. बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतल्या ४५६ मुलांचा वेगळा अभ्यासही नंतर त्याला जोडला गेला. ठरावीक काळाने प्रश्नावल्या, मुलाखती, वैद्यकीय तपासण्या होत राहिल्या.

जॉर्ज व्हेलंट आणि त्यांच्यानंतर रॉबर्ट वॉल्डिंगर यांनी मांडलेला ठळक निष्कर्ष असा की म्हातारपणी कोण धडधाकट आणि समाधानी राहील याचा अंदाज जवळच्या नात्यांवरून चांगला बांधता येतो. पन्नाशीत आपल्या नात्यांबद्दल समाधानी असलेले लोक ऐंशीत जास्त निरोगी निघाले. हा अंदाज कोलेस्टेरॉलच्या आकड्यापेक्षा सरस ठरला.

अभ्यासाच्या मर्यादा उघड आहेत. मूळचे सगळे गोरे अमेरिकन पुरुष. बायका-मुले पुष्कळ नंतर त्यात आली. शिवाय नाती चांगली म्हणून प्रकृती चांगली, की प्रकृती चांगली म्हणून नाती टिकली, हे अशा अभ्यासातून पुरते सुटे करता येत नाही. तरीही एक गोष्ट उरते: माणसाच्या हुद्द्यावरून त्याच्या उतारवयाबद्दल जेवढे कळेल असे वाटते, तेवढे कळत नाही.

९. बेरीज की गुणाकार?

तीन हिशेब वेगळे आहेत हे मान्य केले तर ते एकत्र कसे पाहायचे? हाच प्रश्न देशांच्या बाबतीत आधी उभा राहिला. देश किती पुढे गेला हे एकट्या राष्ट्रीय उत्पन्नावरून सांगू नये म्हणून १९९० मध्ये मानव विकास निर्देशांक पुढे आला. पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांची ती कल्पना. अमर्त्य सेन यांच्या विचारांचा तिला आधार होता. सेन यांचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. उपवास करणारा आणि अन्नावाचून उपाशी राहिलेला, दोघांच्या पोटात सारखेच काही गेलेले नसते. फरक असा की पहिल्यासमोर जेवायचा पर्याय होता. म्हणून माणसाकडे काय आहे याबरोबर त्याला काय निवडता येते हेही पाहावे लागते. मोठ्या पगाराची नोकरी कर्जामुळे सोडता न येणारा आणि ती सोडू शकत असूनही आवडीने करणारा, यांची वेतनचिठ्ठी सारखी दिसते.

मानव विकास निर्देशांकात आयुर्मान, शिक्षण आणि राहणीमान हे तीन घटक आहेत. २०१० पर्यंत त्यांची साधी सरासरी काढत. त्या वर्षापासून तिघांचा गुणाकार करून घनमूळ काढले जाते. कारण साध्या सरासरीत एका घटकातली मोठी तूट दुसऱ्याच्या भरघोस गुणांखाली झाकली जाते.

हीच रीत माणसाला लावून पाहता येते. समजा, जागा, काम आणि जगणे यांना दहापैकी गुण द्यायचे आहेत. एका व्यक्तीचे गुण ९, ९ आणि १. दुसरीचे ६, ६ आणि ७. बेरीज दोघांचीही १९, सरासरी ६.३३. दोघे सारखेच यशस्वी. आता गुणाकार करू. पहिलीचा ८१, घनमूळ सुमारे ४.३३. दुसरीचा २५२, घनमूळ सुमारे ६.३२. बेरजेने बरोबरीत सुटलेली दोन आयुष्ये गुणाकाराने बरीच दूर गेली.

हे गुण खरोखर देता येतील असे कोणी समजू नये. देशाचे आयुर्मान नोंदवहीत असते, माणसाचे जगणे नसते. शिवाय गुण देणारेही तीन वेगळे. जागेचे गुण आयोग, कंपनी किंवा भाऊबंद देतात. कामाचे गुण ज्यांच्यासाठी ते केले त्यांनी द्यायचे असतात, आणि रघुनाथ कर्व्यांच्या बाबतीत झाले तसे ते उशिराही येतात. जगण्याचे गुण माणूस स्वतः देतो. तिथे मात्र कोणी पडताळणी करायला येत नाही, त्यामुळे गुण फुगवण्याचा मोह याच रकान्यात सर्वात जास्त असतो.